पेशीच्या दारातले साखरेचे तोरण

पावसाळ्याच्या दिवसांत कोकणातल्या एखाद्या घरी जेवायला बसावे आणि वाफाळत्या भाताबरोबर पानात कुळथाचे पिठले यावे, यासारखे सुख नाही. देशावर याच कुळथाला हुलगे म्हणतात, त्याचे माडगे करतात आणि उरलेसुरले शिजवून बैलांपुढे ठेवतात. थोडक्यात, कुळीथ हे काही पंक्तीत मिरवणारे धान्य नव्हे. पण या गरिबाघरच्या कडधान्याला जगभरातल्या रक्तपेढ्यांच्या शीतकपाटात मानाची जागा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिथल्या एका इवल्याशा बाटलीत कुळथाच्या दाण्यांचा अर्क असतो. रक्ताच्या थेंबात तो मिसळला की ते रक्त 'ए' गटातल्या कोणत्या उपगटाचे आहे, हे काही मिनिटांत कळते.

या शोधाचे मूळ आपल्या पुण्यातले आहे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये कुळथाचे दाणे कुटून मिठाच्या पाण्यात भिजवले आणि तो अर्क निरनिराळ्या माणसांच्या रक्तावर घालून पाहिला. 'ओ' आणि 'बी' गटाच्या रक्ताने दाद दिली नाही. 'ए' गटाच्या तांबड्या पेशी मात्र एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. पुढे असेही दिसले, की अर्क योग्य प्रमाणात पातळ केला तर तो 'ए' गटातलेही 'ए-एक' आणि 'ए-दोन' असे पोटभेद ओळखतो.

आता जरा विचार करा. शेतात वाढलेल्या त्या दाण्याचा आणि तुमच्याआमच्या रक्ताचा संबंध काय? माणसाचे रक्त कुळथाला कसे ओळखू येते?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते आहे साखर.

भात पचतो, कापूस पचत नाही

साखर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाचा डबा येतो, नाही तर मधुमेहाचे पथ्य. शाळेत आपण शिकलो, की कर्बोदके म्हणजे शरीराचे इंधन. ते खरेच आहे. पण साखरेची आणखी एक कामगिरी आहे, आणि ती कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकात कोपऱ्यातच राहिली. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लहानमोठ्या साखळ्यांचे दाट आवरण असते. सणाच्या दिवशी दारावर तोरण लावावे, तसे हे साखरेचे तोरण पेशीच्या दारावर असते. येणारा प्रत्येक पाहुणा आधी या तोरणाला हात लावतो. मग तो पाहुणा शरीराचाच रक्षक असो, आईच्या दुधातला घटक असो, की फ्लूचा विषाणू असो. शास्त्रज्ञ या साखळ्यांना 'ग्लायकन' म्हणतात.

या तोरणात नेमकी गंमत कसली आहे, ते आपल्या घरातल्याच दोन वस्तूंवरून समजते. तांदळाच्या दाण्यातला पिष्ट पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. कापसाचा धागा म्हणजेही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तोच. फरक एवढाच, की एक मणी दुसऱ्याला कोणत्या बाजूने जोडला आहे. या एका जोडाच्या फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि कापूस पचत नाही. आपल्या पोटातल्या पाचक प्रथिनाला एक जोड तोडता येतो, दुसरा येत नाही.

आता मणी एकाच जातीचे न घेता निरनिराळ्या जातींचे घ्या, त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी जोडा, मध्येच फांद्याही फोडा. मग किती प्रकारच्या माळा होतील? डीएनएची अक्षरे चार. त्यांचे सहा अक्षरी शब्द ४०९६ होतात. प्रथिनांची अक्षरे वीस. त्यांचे सहा अक्षरी शब्द सहा कोटी चाळीस लाख होतात. साखरेच्या सहा मण्यांच्या माळांचा हिशेब १९९४ मध्ये रॉजर लेन या शास्त्रज्ञाने मांडला, तेव्हा आकडा एक लाख कोटींच्या पलीकडे गेला! निसर्ग या सगळ्या माळा वापरत नाही हे खरे. पण एवढी मोठी वर्णमाला हाताशी असल्यावर तिच्यात काय काय लिहून ठेवता येईल, याची कल्पना करावी.

पण लिहिले आहे म्हटल्यावर ते वाचणाराही कोणी हवा. साखरेची ही लिपी वाचण्याचे काम प्रथिने करतात.

एरंडाच्या बीपासून

अशा प्रथिनांची पहिली ओळख झाली ती एका विषामुळे. १८८८ मध्ये रशियन साम्राज्यातल्या डोरपाट येथे (आजचे एस्टोनियातील टार्टू) हेर्मान स्टिलमार्क हा तरुण एरंडाच्या बियांतील विषाचा अभ्यास करीत होता. हे विष रक्तात मिसळताच तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, असे त्याला आढळले. रक्त गोठणे वेगळे. इथे पेशी एकमेकींना चिकटत होत्या. त्याने या विषाला 'रिसिन' असे नाव दिले. रिसिनच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीवरची साखर घट्ट पकडून आत जाण्याची वाट मोकळी करतो आणि दुसरा आत शिरून पेशीचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडतो. १९७८ मध्ये लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या पायात एक सूक्ष्म गोळी घुसवण्यात आली आणि चार दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्या गोळीत रिसिनच होते असे मानले जाते.

पुढे अशी प्रथिने कितीतरी बियांत सापडली. सोनाराच्या तराजूतल्या गुंजेत सापडली, राजम्यात, भुईमुगात आणि फणसाच्या आठळीतही सापडली. अमेरिकेत विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये त्यांना 'लेक्टिन' हे नाव दिले. लॅटिनमध्ये निवडणे या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून ते घेतले आहे. प्रत्येक लेक्टिन आपल्या पसंतीची साखर निवडून पकडते, म्हणून हे नाव. राजमा रात्रभर भिजवून चांगला उकळून शिजवावा, असे घरातल्या जाणत्या बायका सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. अर्धकच्च्या राजम्यातले लेक्टिन आतड्याच्या पेशींवरच्या साखरेला चिकटते आणि मग उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. खळखळून उकळल्यावर त्याची पकड सुटते.

फणसाच्या आठळीतले 'जॅकॅलिन' आणि भुईमुगातले लेक्टिन यांच्या अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञांचे नाव जगात आदराने घेतले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एम. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या दोन्ही प्रथिनांची त्रिमितीय रचना उलगडली. भुईमुगाचे लेक्टिन ज्या साखरेला पकडते, ती निरोगी पेशींवर सहसा दुसऱ्या साखरेखाली झाकलेली असते. अनेक कर्करोगांत ती उघडी पडते. शेंगदाण्यातले एक प्रथिन असे कर्करोगाच्या पेशीवरचे बदललेले तोरण दाखवून देते.

मुंबईचा रक्तगट

या सगळ्या गोष्टीतला सर्वांत जिवाशी येणारा अध्याय आपल्या मुंबईत घडला आहे.

ए, बी आणि ओ हे रक्तगट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये जगापुढे मांडले. त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे गट म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमके काय, हे पुढे कित्येक वर्षे गूढच होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा सारा साखरेचाच खेळ आहे. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाशी 'फ्युकोज' नावाची साखर असते. साखळी तेवढ्यावरच थांबली तर गट 'ओ'. तिला आणखी एक विशिष्ट साखर जोडली गेली तर गट 'ए', आणि तिच्याऐवजी गॅलॅक्टोज जोडली गेली तर गट 'बी'. ज्यांच्याकडे दोन्ही असतात त्यांचा गट 'एबी'. आयुष्यभर ओळखपत्रावर मिरवणारे ते अक्षर म्हणजे साखरेच्या एका मण्याचा फरक!

१९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना काही माणसांचे रक्त विलक्षण वाटले. तपासणीत ते 'ओ' गटासारखे दिसे. पण प्रत्यक्ष 'ओ' गटाच्या रक्ताशीही ते जुळेना. नमुने लंडनला गेले. रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनीही ते तपासले आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात या नव्या प्रकाराची माहिती प्रसिद्ध झाली. जगाने त्याला नाव दिले 'बॉम्बे रक्तगट'. शहराचे नाव बदलले तरी वैद्यकाच्या पुस्तकात जुने नाव तसेच राहिले आहे.

या माणसांच्या साखळीवर ती टोकाची फ्युकोजच नसते. त्यामुळे इतरांच्या रक्तातली फ्युकोज त्यांच्या शरीराला परकी वाटते आणि त्यांची प्रतिपिंडे तिच्यावर तुटून पडतात. सर्वांना चालणारे म्हणून ज्याची ख्याती, ते 'ओ' गटाचे रक्त अशा माणसाला चढवले तर जिवावर बेतू शकते. भारतात साधारण दहा हजार माणसांत एखादा या गटाचा आढळतो. युरोपात दहा लाखांत एखादा. फक्त पेशींची चाचणी केली तर हा माणूस 'ओ' म्हणूनच नोंदला जातो. त्याच्या रक्तद्रवात 'ओ' पेशी मिसळून उलटी चाचणी केली, की त्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि खरा प्रकार उघडकीस येतो. खात्रीसाठी पुन्हा एका वनस्पतीचाच आधार घेतात. युरोपात माळरानावर वाढणाऱ्या 'युलेक्स' या काटेरी झुडपाच्या बियांतले लेक्टिन फ्युकोजची ही साखळी ओळखते. 'ओ' गटाच्या पेशी त्याने चिकटतात, 'बॉम्बे' गटाच्या चिकटत नाहीत.

फ्युकोजचे हे रहस्य कळले कसे? वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी त्याच १९५२ मध्ये एक साधासा पण मोठ्या बुद्धीचा प्रयोग केला. ईल माशाच्या रक्तद्रवाने 'ओ' पेशींच्या गुठळ्या होतात. त्यांनी त्या रक्तद्रवात आधी एकेक साधी साखर मिसळून पाहिली. इतर साखरा घातल्या तरी गुठळ्या होतच राहिल्या. फ्युकोज घातल्यावर मात्र त्या थांबल्या. माशाच्या रक्तातील प्रथिनाच्या मुठीत आधीच फ्युकोज कोंबली गेली होती. पेशी पकडायला मूठ रिकामी राहिलीच नव्हती!

काचेवरचा शर्करापट

ही पद्धत उत्तम होती, पण तिची चाल गोगलगायीची. एका परीक्षानळीत एक प्रथिन आणि एक साखर. त्यातून शरीरातल्या गुंतागुंतीच्या साखळ्या शुद्ध स्वरूपात मिळवणे म्हणजे कर्मकठीण. डीएनएच्या प्रती यंत्रात हव्या तितक्या काढता येतात. साखरेच्या साखळीची अशी प्रत निघत नाही. ती दुधातून, अंड्यातून वेगळी काढावी लागते किंवा मणी मण्याला जोडत प्रयोगशाळेत घडवावी लागते. एकेका साखळीचे काही मिलिग्रॅम हाती यायला महिनोन् महिने लागत. एवढ्या कष्टाने मिळालेला ऐवज परीक्षानळीत भसाभसा ओतायचा कसा?

यातून मार्ग निघाला तो २००२ च्या सुमारास. डीएनएचे ठिपके काचेवर छापून हजारो जनुके एका दमात तपासण्याची युक्ती १९९५ पासून रूढ होत होती. तीच युक्ती साखरेला लावता येईल, असे लंडन, अमेरिका आणि कोरियातल्या निरनिराळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील प्रा. टेन फायझी यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतील जेम्स पॉलसन, ओला ब्लिक्स्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०० साखळ्या असलेली काच तयार केली. पुढे हा संग्रह सहाशेच्या वर गेला आणि जगभरातून आलेली प्रथिने त्यावर तपासली जाऊ लागली. इंग्रजीत त्याला 'ग्लायकन अॅरे' म्हणतात. आपण त्याला 'शर्करापट' म्हणू. सारीपाटासारखा हाही एक पटच आहे. फक्त घराघरात सोंगट्यांऐवजी साखर मांडलेली आहे.

हा पट कसा मांडतात ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तसली काचपट्टी घ्यायची, म्हणजे बोटाएवढी लांब. तिच्यावर एक रसायन चढवायचे, जे साखरेची शेपटी पकडून ठेवील. प्रत्येक साखळीला मुद्दाम तशी शेपटी जोडलेली असते, म्हणजे तिचे तोंड वर मोकळे राहते. मग यंत्रमानव टाकासारख्या सुया द्रावणात बुडवून काचेवर ठिपके टेकवत जातो. हा ठिपका केसाच्या जाडीएवढा. प्रत्येक साखळीचे बहुधा सहा-सहा ठिपके देतात, म्हणजे एखादा ठिपका बिघडला तरी निष्कर्ष चुकू नये. आपल्या आयाबाया ठिपक्यांच्या कागदाने रांगोळीचे ठिपके पाडतात तसाच हा प्रकार. फक्त एका बोटाएवढ्या जागेत हजारो ठिपके, आणि कोणत्या ठिपक्यात कोणती साखळी याची पक्की नोंद संगणकात.

आता ज्या प्रथिनाची परीक्षा घ्यायची, त्याला चमकणारे रंगद्रव्य लावून त्याचे द्रावण काचेवर पसरायचे. तासाभराने काच धुऊन टाकायची. प्रथिनाला जी साखर ओळखीची वाटली असेल, तिथे ते चिकटून बसते; बाकीचे पाण्याबरोबर वाहून जाते. मग लेसरच्या प्रकाशात पाहिले, की काळोख्या रात्री दूरच्या गावातले दिवे लुकलुकावेत तसे मोजके ठिपके उजळलेले दिसतात. जितका तेजस्वी ठिपका तितकी पकड घट्ट. पूर्वी ज्या माहितीसाठी वर्ष गेले असते, ती एका दिवसात हाती येते. आणि साखर लागते ती नुसती टेकवण्यापुरती.

या पटाचा आणखी एक गुण आहे. एका प्रथिनाची एका साखरेवरची पकड फार सैल असते. पावसाळ्यानंतर माळावरून चालत गेलो की विजारीला कुसळे चिकटतात. एक कुसळ सहज निघते, पण शंभर चिकटली तर घरी येऊन तासभर वेचत बसावे लागते. विषाणू आणि जंतू पेशीला असेच शेकडो कुसळांनी चिकटतात. ठिपक्यात साखळ्या दाटीने उभ्या असल्याने ही अनेक हातांची पकड काचेवरही जुळून येते.

विषाणूची किल्ली

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याने २००६ चा फेब्रुवारी आठवावा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि भारतात प्रथमच 'एच५एन१' या बर्ड फ्लूची नोंद झाली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अनेक व्यावसायिकांचे संसार उघडे पडले. तरीही नवापुरात माणसांना लागण झाल्याचे आढळले नाही. जगभरात २००३ पासून या विषाणूची लागण झालेल्या नऊशेहून अधिक माणसांची नोंद आहे. त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली. एवढा जहाल विषाणू एका माणसापासून दुसऱ्याला सहजासहजी का होत नाही?

याचेही उत्तर साखरेच्या जोडात आहे. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या 'सायॅलिक आम्ल' नावाच्या साखरेला पकडून आत शिरतो. त्याच्या अंगावरच्या ज्या प्रथिनाने तो ती पकडतो त्याचे नावच मुळी 'हिमॅग्लुटिनिन', म्हणजे रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे. कुळीथ रक्ताशी जे करतो तेच हा विषाणूही करतो, हे १९४१ मध्येच लक्षात आले होते. 'एच५एन१' मधला 'एच' तो हाच. ही साखर शेजारच्या गॅलॅक्टोजला दोन प्रकारे जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यात मुख्यतः एक जोड, माणसाच्या घशात आणि श्वासनलिकेत मुख्यतः दुसरा. शास्त्रज्ञ त्यांना 'दोन-तीन' आणि 'दोन-सहा' असे म्हणतात. पक्ष्यांच्या विषाणूची किल्ली पहिल्या कुलपाला बसते, माणसाच्या दुसऱ्या कुलपाला नीट बसत नाही. भात आणि कापूस यांच्यातल्या त्या जोडाच्या फरकासारखाच हा फरक, पण साऱ्या मानवजातीचे रक्षण करणारा.

मग किल्ली बदलायला किती वेळ लागेल? १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या वर्षीच्या जूनमध्ये ही साथ मुंबई बंदरात उतरली होती. अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहातून आणि जपून ठेवलेल्या ऊतींच्या नमुन्यांतून या विषाणूची जनुके वाचण्यात आली. त्याचे हिमॅग्लुटिनिन शर्करापटावर घातले तेव्हा माणसाच्या 'दोन-सहा' जोडाचे ठिपके उजळले. मग त्या प्रथिनाच्या साडेपाचशेहून अधिक दुव्यांपैकी फक्त दोन दुवे बदलले, आणि उजळणारे ठिपके पक्ष्यांच्या बाजूला सरकले! २००७ मध्ये असे दोन दुवे बदललेला विषाणू फेरेट या प्राण्यांत तपासला, तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडे पसरण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली होती. कोट्यवधींचे जीव घेणाऱ्या साथीचे दार दोन दुव्यांवर उघडले होते.

२०२४ मध्ये अमेरिकेत 'एच५एन१' गाईंच्या गोठ्यांत शिरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमधला २२६ क्रमांकाचा एकच दुवा बदलला तर त्याची पसंती पक्ष्यांच्या साखरेवरून माणसाच्या साखरेवर येते. प्रयोग विषाणूवर न करता नुसत्या प्रथिनावर केला होता, त्यामुळे तो धोक्याचा नव्हता. माणसांत साथ पसरायला आणखीही बदल व्हावे लागतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जगात कुठेही नवा फ्लू सापडला, की त्याची किल्ली कोणत्या कुलपाकडे झुकते आहे हे पाहण्याचे साधन आता हाताशी आहे. पूर्वी साथ दारात आल्यावरच ते कळायचे.

आपले आणि परके

शर्करापटाने आपल्या शरीराच्या राखणदारांचीही एक नवलाची गोष्ट उघड केली. काही जंतू अंगावर माणसाच्या रक्तगटासारखी साखर पांघरतात. 'बी' गटाच्या माणसाच्या शरीरात 'बी' साखरेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. झाली तर ती त्याच्याच रक्तावर उठतील. मग 'बी'चे सोंग घेऊन आलेल्या जंतूला अडवायचे कोणी? आपल्या आतड्यात 'गॅलेक्टिन' नावाची लेक्टिने असतात. त्यांतली काही रक्तगटाच्या साखरा पकडतात असे पटावर दिसले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवले, की ही गॅलेक्टिने अशा सोंगाड्या जंतूंना चक्क मारून टाकतात, आणि आपल्या पेशींना मात्र धक्का लावत नाहीत.

लसींच्या कामातही पट उपयोगी पडतो. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांचे काही जंतू अंगावर साखरेचे जाड पांघरूण घेतात. नुसत्या साखरेची लस दोन वर्षांखालच्या बाळाला फारशी लागू पडत नाही. तीच साखर प्रथिनाला जोडून दिली की बाळाचे शरीर तिला लक्षात ठेवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेंदूज्वरावरची लस २०१० पासून आफ्रिकेत दिली जाऊ लागली, ती अशीच. न्यूमोनियावरची त्यांची लस २०२० मध्ये भारतात आली, तीही अशीच. जंतूंच्या साखरा काचेवर छापून लस घेतलेल्याच्या रक्ताचा थेंब त्यावर फिरवला, की कोणत्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली ते ठिपक्यांत दिसते. जर्मनीतील पीटर सीबर्गर यांनी साखळ्या आपोआप घडवणारे यंत्र करून या कामाला मोठी गती दिली.

पटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. माणसाच्या शरीरात अशा साखळ्या काही हजार प्रकारच्या असाव्यात असा अंदाज आहे. काचेवर काही शेच असतात. जी साखर छापलीच नाही ती उजळणार कशी? शिवाय काच म्हणजे जिवंत पेशी नव्हे. पेशीवर तोरण वाऱ्यावर हलावे तसे हलते, काचेवर ते खिळलेले असते. ठिपके दाट की विरळ, यावरही उत्तर बदलते. म्हणून पटाने सुचवलेली गोष्ट पेशीत आणि प्राण्यात पडताळून पाहावीच लागते.

आता पुन्हा आपल्या कुळथाकडे. मूत्रपिंडाच्या रोपणात 'ए' गटाचे मूत्रपिंड 'ओ' गटाच्या रुग्णाला सहसा चालत नाही. पण दाता 'ए-दोन' असेल तर काही रुग्णांत ते शक्य होते, कारण त्याच्या पेशींवर 'ए' साखर बरीच कमी असते. लेकासाठी मूत्रपिंड द्यायला निघालेली एखादी आई 'ए-एक' आहे की 'ए-दोन', हे सांगणाऱ्या त्या बाटलीत आपल्या शेतातला हुलगा असतो.

आणि वाचकांना एक विनंती. आपला गट 'ओ' आहे असे कुणी सांगितले, तर रक्तपेढीत दोन्ही बाजूंची तपासणी झाली आहे ना, एवढे विचारून घ्यावे. आपण 'बॉम्बे' गटाचे निघालात, तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी आणि रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावे. दहा हजारांत एक असलेल्या त्या माणसाला गरज पडेल, तेव्हा साऱ्या शहरात त्याच्या उपयोगी पडणारे रक्त कदाचित तुमचेच असेल.

पुढच्या वेळी कुळथाचे पिठले ढवळताना पातेल्यातल्या त्या दाण्यांच्या पिठाकडे जरा आदराने पाहा. आपल्या पेशीच्या दारातले तोरण वाचायला माणूस आत्ता कुठे शिकू लागला आहे. कुळथाला ते आधीपासून वाचता येत होते.